कापणीच्या आधीचे महिने

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातला शेतमालक मला लहानपणी अजिबात पटायचा नाही. गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. मालक शेतात चांगलं बी पेरतो, रात्री त्याचा वैरी येऊन गव्हात निदण पेरून जातो. ओंब्या धरायच्या सुमाराला चाकरांच्या ते लक्षात येतं. ते धावत येऊन विचारतात, काढून टाकू का? मालक त्यांना अडवतो. निदण उपटायला जाल आणि गहूही उपटून बसाल, म्हणून कापणीपर्यंत दोन्ही राहू द्या, असं सांगतो.

आमचं गाव नेवासे तालुक्यात, प्रवरेपासून थोडं आत. आई रोजंदारीने खुरपायला जायची. पेरणीनंतर तीनेक आठवड्यांनी, वाफसा आला की पहिली खुरपणी. बाया ओळीने बसायच्या, प्रत्येकीने आपापली पात धरायची आणि दिवस मावळेपर्यंत पुढे सरकत राहायचं. खुरपणी लांबली की शेतमालकाच्या तोंडचं पाणी पळायचं. तण खाई धन, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यामुळे एका रविवारी पाळकसाहेबांनी हा दृष्टांत घेऊन देवाच्या सहनशीलतेवर उपदेश केला, तेव्हा घरी परतताना आई गंभीरपणे म्हणाली, "हा मालक शेतकरी नसणार."

माझा प्रश्न तिथूनच सुरू झाला. पीक खाणारं तण डोळ्यांना दिसतंय, काढायला माणसं तयार आहेत, आणि मालक म्हणतो थांबा. ही सहनशीलता कसली? वाईट दिसत असताना हात आवरायला सांगणारा देव चांगला कसा म्हणायचा? पुढे नर्स झाले, नगरच्या दवाखान्यात बरीच वर्षं काढली, माणसांनी माणसांचं काय केलेलं असतं ते रात्रपाळीत पाहिलं, आणि प्रश्न आणखीच टोकदार झाला.

उत्तराचं एक टोक हाती लागलं ते इथे, मिशिगनमध्ये. आम्ही लॅन्सिंगजवळ राहतो. सांडपाण्याची जुनी लाइन बदलायची म्हणून घरासमोरचं सगळं लॉन खणावं लागलं, आणि ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात नवं बी टाकलं. या थंड मुलखात लॉन पेरायचा हाच मोसम. माती उन्हाळ्याची ऊब धरून असते, हवा निवायला लागते आणि उन्हाळी तणांचे दिवस भरत आलेले असतात. पिशवीत गवतांची मिसळ असते. रायग्रास आठवड्याभरात वर येतं, केंटकी ब्लूग्रासला दोन-तीन आठवडे लागतात. मधल्या काळात जमीन उघडी, रोज पाणी पिणारी, आणि तणाला याहून चांगलं काय हवं?

रायग्रासच्या पोपटी सुया दिसायला लागल्या आणि त्यांच्यामधून घोळ आली. लालसर देठ, जाडसर गुळगुळीत पानं, जमिनीला चिकटून पसरणारी. तिच्या शेजारी चाकवत, कोवळ्या पानांवर तीच पांढुरकी पिठी. नेवाशाच्या गव्हातून आई हाच चाकवत खुरपून काढायची आणि त्यातला निम्मा पदरात बांधून घरी आणायची, ताकातल्या भाजीसाठी. शिवाय क्रॅबग्रास नावाचं रुंद पात्याचं इथलं गवत. हात शिवशिवत होते. पण बियाण्याच्या पिशवीपासून विद्यापीठाच्या कृषिविस्ताराच्या पत्रकापर्यंत जो तो एकच सांगत होता: नव्या गवताची तीन-चार वेळा कापणी होईपर्यंत तणनाशक मारू नका आणि उपटाउपटीही करू नका.

मी फळी टाकून तिच्यावर बसले आणि घोळीचं एक रोप उपटून पाहिलं. मुळासोबत बशीएवढा मातीचा खपला उचलून आला. त्यात केसाएवढी बारीक, पांढरीशुभ्र मुळं असलेली गवताची दहा-पंधरा रोपं होती. काहींच्या बुडाशी बियाचं टरफल अजून तसंच चिकटलेलं होतं. माती परत दाबून बसवली, पाणी घातलं. तरी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती रोपं वाळून गेली होती. घोळ मात्र फळीच्या कडेला उपटून टाकलेली असूनही हिरवीगार.

त्यानंतर कळलं की हे थांबणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नसतं. गवत बोटभर वाढलं की यंत्राने शेंडे कापायचे. चाकवत सरळ उंच वाढतो, त्याचा जीव शेंड्यात. शेंडा गेला की त्याचा जोर संपतो आणि बी धरायचं राहून जातं. गवताचा वाढीचा डोळा मातीलगत असतो. वरचं कापलं तरी त्याला इजा होत नाही, उलट बुडातून फुटवे येतात आणि गवत दाट होतं. एकच पातं दोघांवरून फिरतं, एक खुरटतं आणि एक पसरतं. उरलेली घोळ आणि क्रॅबग्रास ऑक्टोबरच्या पहिल्या कडक हिमाने काळी पडून गेली. त्यांना कोणी हात लावला नव्हता.

इथून जवळच, ईस्ट लॅन्सिंगच्या विद्यापीठात, एक जुना प्रयोग चालू आहे. १८७९ साली विल्यम जेम्स बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने वाळूत मिसळलेलं तणांचं बी वीस बाटल्यांत भरून जमिनीत पुरलं. प्रत्येक बाटलीत दर जातीचं पन्नास बी. ठरावीक वर्षांनी एक बाटली काढायची आणि काय उगवतं ते पाहायचं. २०२१च्या एप्रिलमध्ये एक बाटली काढली, आणि १४२ वर्षांनी त्यातलं काही बी उगवलं. पुढची बाटली २०४० साली. ही माणसं बाटली रात्रीच्या अंधारात उकरतात, कारण तणाच्या बारीक बियांना जागं व्हायला क्षणभराचा उजेडही पुरतो. म्हणजे माती उलथीपालथी केली, की एक तण काढताना खाली झोपलेली कितीतरी बियाणी आपण उजेडात आणतो. आई हे जाणत होती. खुरपं खोल घालू नको, वरच्यावर चालव, असं ती मला सांगायची. कारण मात्र तिने कधी सांगितलं नाही.

आता दृष्टांतातल्या निदणाबद्दल. बहुतेक अभ्यासकांच्या मते ते डार्नेल नावाचं गवत असावं, शास्त्रीय नाव लोलियम टेम्युलेंटम. पॅलेस्टाईन आणि भूमध्य समुद्राभोवतालच्या गव्हात ते पूर्वापार वाढत आलेलं. ओंबी येईपर्यंत हुबेहूब गहू, आणि दाणे दळणात गेले तर खाणाऱ्याला घेरी येते, झिंग चढते. दुसऱ्याच्या पिकात ते मुद्दाम टाकणं ही गोष्टीपुरती कल्पना नव्हती. ५३३ सालच्या रोमन कायद्याच्या संग्रहात उल्पियन या कायदेपंडिताच्या मतांमध्ये नेमका हाच गुन्हा चर्चिलेला आहे. प्रभू येशूचं बोलणं ऐकणाऱ्या शेतकऱ्यांना हा वैरी चांगला ओळखीचा असणार.

आणि माझ्या पिशवीतलं रायग्रास म्हणजे लोलियम पेरेन. डार्नेलचं सख्खं भावंड. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ त्या पिशवीकडे बघत राहिले. डार्नेलमधलं विष त्याच्या आत राहणाऱ्या बुरशीशी जोडलेलं असतं, आणि त्याच वंशाची बुरशी लॉनच्या रायग्रासमध्ये असली तर विक्रेते ती गुण म्हणून सांगतात, कारण तिच्यामुळे कीड गवताला तोंड लावत नाही. मेंढ्यांच्या कुरणात तीच बुरशी जनावरांना लटपटायला लावते. शिवाय अमेरिकेच्या १९३९च्या बियाणे कायद्यानुसार प्रत्येक पिशवीवर तणाच्या बियांचं प्रमाण छापावं लागतं. माझ्या पिशवीवर ०.०१ टक्के होतं. निव्वळ शुद्ध बी असल्याचा दावा कायदाही कोणाला करायला लावत नाही.

म्हणून आईच्या बोलण्याला आज मी असं उत्तर देईन: आई, तो मालक शेतकरीच होता. तू खुरपायचीस ते तण गव्हापेक्षा वेगळं दिसणारं, वेगळ्या मुळाचं. तिथे खुरपं चालवायचंच. त्याच्या शेतात पडलं होतं ते गव्हासारखंच दिसणारं, गव्हाच्याच दाटीत, मुळात मूळ गुंतलेलं. आणि ओळखू आलं तोवर खुरपणीची वेळ टळून गेली होती. निदण निरुपद्रवी आहे असं तो कुठेही म्हणत नाही. वैऱ्याने केलंय हे तो स्पष्ट सांगतो. त्याला भरवसा नाही तो चाकरांच्या हातांचा. त्याची काळजी गव्हासाठी आहे. देवाच्या सहनशीलतेचा हा अर्थ मला कोणी सांगितला नव्हता. वाईटाबद्दल तो उदासीन आहे म्हणून थांबत नाही. जे कोवळं आहे ते आमच्या हातून मरेल म्हणून तो थांबतो.

मंडळीच्या इतिहासात हे फार कमी जणांनी ऐकलं. चौथ्या-पाचव्या शतकात आफ्रिकेतले दोनातवादी म्हणत होते की छळाच्या काळात कच खाल्लेल्यांना मंडळीत जागा नको. त्यांच्याविरुद्ध ऑगस्टीनने हाच दृष्टांत वापरला, आणि पुढे त्याच ऑगस्टीनने त्याच दोनातवाद्यांवर राजसत्तेची जबरदस्ती मान्य केली. तेराव्या शतकात अक्वायनसने मालकाच्या आज्ञेतून वाट काढली: गहू उपटला जायची भीती नसेल तिथे निदण काढायला हरकत नाही. मोठ्या बुद्धीचा माणूस. पण हे वाक्य वाचताना मला जळत्या लाकडांचा वास येतो. कारण जाळणाऱ्या कोणालाच कधी ती भीती वाटली नाही. १५५३ साली जिनिव्हात मिगेल सर्व्हेटसला पाखंडी म्हणून जिवंत जाळलं, तेव्हाही वाटली नाही. त्याच्याही पाचशे वर्षं आधी लिएजचा बिशप वाझो याने या दृष्टांताचा आधार घेऊन पाखंड्यांना मारू नका असं लिहून ठेवलं होतं. आज जे निदण दिसतं ते कापणीपर्यंत गहू होऊ शकेल, असा त्याच्या म्हणण्याचा रोख होता.

निदणाचा गहू होतो का? शेतात तर होत नाही, असं मला वाटायचं. मग निकोलाय वाविलोव या रशियन शास्त्रज्ञाबद्दल वाचलं. इराण आणि अफगाणिस्तानच्या डोंगराळ भागात फिरताना त्याला दिसलं की खालच्या गव्हाच्या शेतांत राय हे धान्य तण म्हणून उगवतं. शेतकरी त्याला वैतागलेले असतात. जसजसं उंच जावं, थंडी वाढावी, तसतसा गहू हटत जातो आणि राय वाढत जातं, आणि अगदी वर लोक रायचीच भाकरी खातात. पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांनी उपटलेलं, पाखडून टाकलेलं तण गव्हासारखं होत होत एक दिवस धान्य झालं होतं. ओटचंही तसंच झालं. ज्यांनी ते उपटलं त्यांना कल्पनाही नसेल की आपल्या नातवंडांचं पोट यावर भरणार आहे.

या वाविलोवचं पुढे काय झालं ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. जगभरातून बियाणं गोळा करून त्याने लेनिनग्राडमध्ये प्रचंड संग्रह उभा केला, माणसांवर पुन्हा दुष्काळ येऊ नये म्हणून. १९४० साली त्याला अटक झाली. शेतीत घातपात आणि हेरगिरी हे आरोप. मृत्युदंडाची शिक्षा झाली, ती बदलून कैद केली, आणि जानेवारी १९४३ मध्ये सारातोवच्या तुरुंगात तो उपासमारीने गेला. त्याच वेळी वेढ्यात सापडलेल्या लेनिनग्राडमध्ये त्याचे काही सहकारी बियाण्याच्या पोत्यांशेजारी भुकेने मेले, पण त्या बियाण्याला त्यांनी हात लावला नाही. १९५५ साली सरकारने त्याला निर्दोष ठरवलं. आपलं रान स्वच्छ करायला निघालेल्या राज्याने जो उपटला, तो गहू होता.

आमच्या नेवाशात ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली. पसायदान आम्हा ख्रिस्ती मुलांनाही शाळेत पाठ होतं. त्यात दुष्टांचा नाश मागितलेला नाही. त्यांच्यातली वक्रता जावी आणि त्यांना सत्कर्माची गोडी लागावी, एवढं मागितलंय. माझ्या शुभवर्तमानात शेवटी निदणाच्या पेंढ्या बांधून जाळतात, आणि ती ओळ खोडून टाकायचा मला अधिकार नाही. मी ती मानते. पण पेंढ्या बांधायच्या दिवसापर्यंत पसायदानातलं मागणं मागायला मला कोणी मना केलेलं नाही, आणि मी ते रोज मागते.

थांबणं जमलेला एक माणूस आमच्याच नगरात होऊन गेला. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी घेतला तो १९०० साली. मधला काळ दोघांनाही किती जड गेला ते 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यांना माहीत आहे. त्या परत नांदायला आल्या तेव्हा आपलं सोवळंओवळं बरोबर घेऊनच आल्या. टिळक तापट स्वभावाचे, पण बायकोच्या मनातलं हे काढून टाकायला त्यांनी खुरपं हातात घेतलं नाही. एके दिवशी जातिभेद हा माणसांनी केलेला आहे असं लक्ष्मीबाईंनी स्वतःच विचार करून ठरवलं आणि सोवळं सोडलं. तेच आधी कोणी ओढून काढलं असतं, तर त्याच्यासोबत काय काय उपटून आलं असतं, याचा मी विचार करते. आज आपल्या मंडळ्यांत नव्याने आलेल्या माणसाच्या गळ्यातला ताईत किंवा घरातला जुना टाक पाहून पहिल्या महिन्यातच त्याची झडती घेणारे लोक आहेत. त्यांनी एकदा बोटभर उंचीच्या लॉनमधली घोळ उपटून बघावी.

आता ज्या आक्षेपाने मला झोप लागू दिली नव्हती त्याकडे येते. रात्रपाळीला एक बाई आली होती. मनगट मोडलेलं, गालावर जुना आणि नवा असा दोन रंगांचा वळ. नवरा उपासनेला पुढच्या बाकावर बसणारा. तिने मंडळीच्या पंचांकडे तक्रार केली होती, आणि तिला हाच दृष्टांत ऐकवला गेला होता. कापणीपर्यंत थांब, बाई, निवाडा देव करील. प्लॅस्टर ओलं असताना तिने मला विचारलं, "सिस्टर, मग मी गहू का निदण?"

त्या पंचांनी दृष्टांत चोरला, असं मी आजही म्हणते. मालकाने चाकरांना थांबवलं ते गहू वाचावा म्हणून. आणि इथे गहू तुडवला जात असताना गव्हालाच थांबायला सांगितलं जात होतं. जॉन ख्रिसोस्टोम या चौथ्या शतकातल्या उपदेशकाने या अध्यायावर बोलताना म्हटलं होतं की इथे मारायला मनाई आहे, रोखायला नाही. तो बोलत होता पाखंड्यांची तोंडं बंद करण्याबद्दल, आणि तिथे मी त्याच्याबरोबर नाही. पण मारणाऱ्याच्या हाताबद्दल मी त्याचं वाक्य पुरेपूर घेते. लॉनवरून पातं फिरवतात ते कशासाठी? तणाला बी धरू द्यायचं नाही, शेजारच्या रोपावर त्याची सावली पडू द्यायची नाही. त्या नवऱ्याला घराबाहेर काढायला हवं होतं, पोलिसांत तक्रार करायला हवी होती, पुढच्या बाकावरून उठवायला हवं होतं, आणि हे सगळं त्याच आठवड्यात. एवढं करूनही तो मुळापासून निदण आहे, त्याच्यातून कधीच काही चांगलं उगवणार नाही, असं म्हणायचा हक्क मला मिळत नाही. त्या रात्री हा हक्क मला हवा होता, अगदी मनापासून हवा होता. तो माझ्याकडे नाही हे मान्य करणं मला आजही सोपं जात नाही, पण बाईला वाचवायला त्या हक्काची गरजही नव्हती. हात रोखायला कोणाचं मूळ पाहावं लागत नाही. हाताने केलेलं दिसतं तेवढं पुरतं.

इथे आम्ही काही मराठी ख्रिस्ती कुटुंबं महिन्यातून एकदा अभ्यासाला जमतो. गेल्या खेपेला हाच अध्याय होता. मी एका गोष्टीकडे लक्ष वेधलं. उपटू का असं विचारतात ते चाकर, आणि शेवटी कापणी करतात ते दुसरेच; येशूने अर्थ सांगताना त्यांना देवदूत म्हटलंय. विळा चाकरांच्या हातात येतच नाही. मग एका तरुण आईने विचारलं, "काकू, चाकरांनी मधल्या काळात करायचं तरी काय?" गोष्टीत ते लिहिलेलं नाही. पण पॅलेस्टाईनचा गहू हिवाळ्याच्या तोंडाशी पेरायचा आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी काढायचा, म्हणजे पाच-सहा महिन्यांचं पीक. आणि गव्हाच्या रानात कामाला तोटा नसतो हे नेवाशाच्या माणसाला सांगायला नको. माघाच्या थंडीत रात्रीच्या पाळीला दारं धरायची, फुटलेला पाट बांधून काढायचा, बांधावरून गुरं हाकायची, दाणा भरायला लागला की पाखरं राखायची. माझ्या वडिलांचे पाय त्या पाण्यात रात्रभर असायचे. वैरी आला तेव्हा माणसं झोपली होती असं गोष्टीतच आहे, म्हणजे जागलीही करायला हवी. हे सगळं मी तिला सांगितलं आणि ती वहीत लिहून घेत होती. सहनशीलतेवरचे उपदेश मी पुष्कळ ऐकले, शेवटच्या आगीवरचेही ऐकले. या मधल्या पाच-सहा महिन्यांच्या कामावर एखाद्या पाळकाने उपदेश करावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. नेवाशात असो की मिशिगनमध्ये, तो ऐकायला मी येईन.